साखरेचा आलेख म्हणजे भूक नव्हे

सात-आठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत एक प्रश्न हमखास निघायचा: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत, दिवसातून दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत आटपा, कारण तोंडात काही पडलं की इन्सुलिन वाढतं. ऋजुता दिवेकर म्हणत, थोडं थोडं, दर दोनेक तासांनी, घरचं आणि हंगामातलं खा. सख्खे भाऊ या प्रश्नावरून जेवणाच्या ताटावर अबोला धरत. तो वाद निकाली निघाला नाही, नुसता शिळा झाला. आता त्याला फोडणी द्यायला दंडावर चिकटवायची एक पांढरी चकती आली आहे. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला सकाळी फिरायला जा. मधुमेह नसलेल्या, चांगल्या धडधाकट माणसांच्याही बाहीखालून सतत साखर मोजणारा सेन्सर डोकावताना दिसेल. एक पक्ष म्हणतो, आता थापा चालणार नाहीत, प्रत्येक घासाचा हिशेब मोबाइलवर दिसतो. दुसरा म्हणतो, आमच्या आजीला कुठे सेन्सर लागला होता? शतपावली घाला आणि वेळेवर झोपा.

माझ्या मते दोन्ही पक्ष चुकीच्या जागी दात-ओठ खात आहेत. हे यंत्र उत्तम आहे. निरोगी माणसाच्या दंडावर ते जवळजवळ निरुपयोगी आहे. आणि ज्यांना रात्री झोपेत साखर उतरण्याची भीती खरोखर आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ते आवाक्याबाहेर आहे. सार्वजनिक चर्चेला लायक असा यातला तिसरा मुद्दा आहे, आणि नेमका त्यावरच कुणी बोलत नाही.

आधी सेन्सरवाल्यांना त्यांचं श्रेय देऊ. अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर पातळ पडद्याआड बसवायची कल्पना मांडली. हे एन्झाइम ग्लुकोजला धरतं, त्याच्या अभिक्रियेत ऑक्सिजन खर्च होतो, आणि तो खर्च मोजला की साखर कळते. आजच्या चकतीतली बारीक तार रक्तात जातच नाही. ती कातडीखालच्या, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवात असते, म्हणून तिचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतो. पण तत्त्व तेच. एन्झाइमच्या ओळखीचं रूपांतर विजेच्या प्रवाहात करण्याची ही युक्ती पुढे बायोसेन्सर नावाच्या अख्ख्या शाखेची पायरी ठरली. १९६९ मध्ये रिचर्ड बर्नस्टाइन या टाइप वन मधुमेही (म्हणजे ज्याचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा) अभियंत्याला साखर मोजणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी एक हवं होतं. वजन सव्वा-दीड किलो, आणि विक्री फक्त डॉक्टरांना. त्याची बायको डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावाने ते घरी आलं. घरच्या घरी दिवसातून अनेकदा साखर मोजून त्याने स्वतःची तब्येत सावरली आणि ते लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवलं, तर कुणी छापेना. शेवटी गड्याने चाळिशी ओलांडल्यावर वैद्यकाच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९९३ मध्ये १,४४१ टाइप वन रुग्णांवरच्या मोठ्या अमेरिकी चाचणीने दाखवलं की साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळ्यांचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. आणि वारंवार मोजल्याशिवाय साखर काटेकोर ठेवणार कशी? तेव्हा ‘रुग्णाला कशाला हवेत आकडे, उगाच घाबरेल’ म्हणणाऱ्या पंडितांची जी गत झाली, ती आजच्या आजीपक्षाने नीट आठवावी.

सेन्सरपक्षाचा दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. तो म्हणतो, साखर आणि भूक यांचं नातं तुम्हीच नाकारू शकत नाही. खरंच, नाही नाकारता येत. १९५३ मध्ये ज्याँ मेयर यांनी सिद्धान्त मांडला होता की मेंदू ग्लुकोजच्या वापरावर लक्ष ठेवतो आणि तो कमी झाला की भूक लागते. २०२१ मध्ये १,०७० लोकांच्या दंडावर सेन्सर लावून केलेल्या अभ्यासात दिसलं की जेवणानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्याही खाली घसरते, त्यांना लवकर भूक लागते आणि दिवसाकाठी सुमारे ३०० कॅलरी जास्त पोटात जातात. त्याआधी २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने ८०० लोकांवर दाखवलं होतं की एकच पदार्थ एकाची साखर चढवतो आणि दुसऱ्याची नाही. मग आपापलं शरीर ओळखायला आपापला सेन्सर, यात चूक ती काय?

चूक ही की हजार माणसांच्या सरासरीतून दिसलेली गोष्ट एका माणसाच्या एका मंगळवारच्या आलेखातून दिसत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी मधुमेह नसलेल्या लोकांना संस्थेतच राहायला ठेवून तंतोतंत तेच जेवण काही दिवसांच्या अंतराने पुन्हा दिलं. एकाच माणसाचे, एकाच जेवणाचे दोन आलेख एकमेकांपासून इतके वेगळे आले की तो फरक दोन निरनिराळ्या जेवणांतल्या फरकाएवढा भरला. आदल्या रात्रीची झोप, चालणं, ताण, आधीचं जेवण, सगळं त्यात मिसळतं. म्हणजे सोमवारी ‘मला ज्वारी चालत नाही’ असा शोध लावणारा माणूस पुढच्या सोमवारी ‘मला ज्वारीच चालते’ असा शोध लावू शकतो, आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात पुरावा असेल. त्यात रात्री सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबामुळे साखर एकदम उतरल्याचा खोटा गजर वाजतो, आणि काही सेन्सर जीवनसत्त्व सी जास्त घेतलं तर साखर फुगवून सांगतात. हे इन्सुलिन घेणाऱ्याला शिकवलेलं असतं. हौशी माणसाला कोण शिकवतं? आणि इतक्या उस्तवारीनंतर निरोगी माणसाला दिसतं काय? २०१९ मध्ये मधुमेह नसलेल्या १५३ लोकांच्या सेन्सर-नोंदी तपासल्या, तर त्यांची साखर सुमारे ९६ टक्के वेळ ७० ते १४० च्या मधेच होती, आणि १४० च्या वर रोज सरासरी अर्धा तास. म्हणजे जेवणानंतरचा तो डोंगर, ज्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला जातो, तो रोग नाही. स्वादुपिंड कामावर हजर असल्याची ती सही आहे.

पण याहून मोठी गफलत वेगळी आहे. सेन्सर जे मोजतो तेच महत्त्वाचं, असं हळूहळू वाटायला लागतं. बाकरवडी खा, आलेख बराच शांत राहील, कारण तेल पोट सावकाश रिकामं होऊ देतं. दोन पेग घ्या, साखर कदाचित उतरेल, कारण मद्य यकृताला ग्लुकोज सोडू देत नाही. वाटीभर आमरस घ्या, की डोंगर. निव्वळ आलेखावर विसंबणारा माणूस मे महिन्यात हापूस नाकारेल आणि संध्याकाळी चखण्यासकट बसेल, तेही निरोगी झाल्याच्या समाधानाने. सोळाव्या-सतराव्या शतकांत इटलीत सांतोरिओ नावाचे वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून सुमारे तीस वर्षं स्वतःचं वजन, खाल्लेलं अन्न आणि बाहेर पडलेला मळ तोलत राहिले. वैद्यकात मोजमाप आणणाऱ्यांत त्यांचा मान मोठा आहे, त्यात वाद नाही. पण शरीरात अन्नाचं होतं काय, हे त्या तराजूला कधीच सांगता आलं नाही, कारण तराजूला तो प्रश्न कळतच नव्हता. आपल्या दंडावरच्या चकतीला भुकेचा प्रश्न कळतो का?

नाही कळत, आणि हे सांगायला आपल्याकडच्याच एका माणसाचं नाव घ्यावं लागतं. बाळकृष्ण आनंद, पुढे दिल्लीच्या एम्समधले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. १९५१ मध्ये अमेरिकेत जॉन ब्रोबेक यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की उंदराच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या बाजूचा एक लहानसा तुकडा दोन्हीकडे निकामी केला तर उंदीर समोर अन्न असूनही खायचं सोडतो. भूक पोटात नसून मेंदूत आहे, असं ठणकावून सांगणारा हा प्रयोग. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं: चरबीच्या पेशी मेंदूला साठ्याची खबर देतात. १९९९ मध्ये घ्रेलिन सापडलं, जठराकडून निघणारा भुकेचा सांगावा. आतड्यातून जीएलपी-१ निघतं, ते इन्सुलिनला चालना देतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणतं. रक्तातलं ग्लुकोज हा या दरबारातला एक मानकरी, राजा नव्हे. लेप्टिन, घ्रेलिन किंवा इन्सुलिन दंडावर सतत मोजून दाखवणारा सेन्सर आज बाजारात नाही. प्रयोगशाळांत त्या दिशेने काम चालू आहे, आणि ते अवघड आहे, कारण ही रसायनं रक्तात ग्लुकोजच्या मानाने अत्यल्प असतात आणि त्यांच्यासाठी ग्लुकोज ऑक्सिडेजसारखं तयार, चिवट एन्झाइम निसर्गाने दिलेलं नाही. जे सहज मोजता आलं त्यालाच आपण भुकेचं सिंहासन देऊन टाकलं.

२०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात विक्रीला आलं, त्यानंतर तर हा भ्रम टिकायला नको होता. ही औषधं आतड्याच्या हार्मोनची नक्कल करतात आणि लोक सांगतात की डोक्यातली खाण्याची किरकिरच बंद झाली. ज्यांना वर्षानुवर्षं ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून घरातल्यांनी टोमणे मारले, त्यांची इच्छाशक्ती आठवड्याच्या एका इंजेक्शनने अचानक वाढली का? नाही. भूक ही बऱ्याच अंशी शरीरक्रिया होती, नीतिमत्ता नव्हती. सेन्सरपक्ष नेमकं उलटं करतो. प्रत्येक घासाखाली आकडा लिहून तो खाणाऱ्याला रोज रात्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. पूर्वी हे काम सासू करायची.

आता आजीपक्ष. त्यांच्या बाजूने पहिली गोष्ट ही की शतपावली खरोखर काम करते. जेवणानंतर थोडं चाललं तर स्नायू ग्लुकोज ओढून घेतात आणि साखर कमी चढते, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. दुसरी गोष्ट, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना सेन्सरशिवायही मागे खेचता येतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत अशा ५३१ लोकांपैकी ज्यांना आहार-व्यायामाचा नियमित सल्ला दिला, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. तेव्हा कुणाच्याच दंडावर काही नव्हतं. इथपर्यंत आजीपक्षाशी माझं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते ‘पूर्वीचं खाणं चांगलं होतं, म्हणून पूर्वी साखर नव्हती’ या वाक्यापाशी, कारण या वाक्याचा निकाल याच पुण्यात लागलेला आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. या बायका घरचंच खात होत्या. भाकरी, कालवण, हंगामातलं सगळं. शेतात राबत होत्या, पाणी डोक्यावरून आणत होत्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली, तेव्हा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण बारीक तपासल्यावर दिसलं की पुण्याच्या बाळात स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळाएवढी होती. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं बाळ. गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या वाट्याला जास्त आलं त्यांची बाळं मोठी होती. ज्या आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आता सांगा, आजच्या पन्नाशीतल्या पुणेकराची साखर त्याच्या पिझ्झ्याने किती चढली आणि त्याच्या आईच्या ताटात शेवटी उरलेल्या अन्नाने किती? ज्या आजीचा दाखला दिला जातो ती सगळ्यांची वाढून झाल्यावर, सांडलवंड गोळा करून जेवायची. तिचं खाणं आदर्श होतं म्हणणं हा तिच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. आणि परंपराच हवी असेल तर चरकसंहिता उघडा. तिथे प्रमेहाचा (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचा) रोगी दोन प्रकारचा सांगितला आहे, एक स्थूल आणि एक कृश, आणि कृशाला उपाशी ठेवू नका, त्याचं पोषण करा, असं म्हटलं आहे. ‘सगळ्यांनी कमी खा’ हा सरसकट नियम परंपरेचाही नाही. (साबुदाण्याच्या खिचडीला उपास म्हणणारी परंपरा वेगळी, एकादशीला सेन्सर लावलेल्या माणसाने ती अनुभवली असेल.)

उरतो तो सगळ्यात कडक आक्षेप: ज्याचा पैसा त्याची चैन, तुम्ही कोण विचारणार? कुणी पाच हजारांच्या आसपासची चकती दोन आठवडे मिरवली तर तुमचं काय गेलं? शिवाय मोबाइलसारखंच होईल. आधी श्रीमंत घेतील, खप वाढेल, मग भाव उतरून सगळ्यांना मिळेल. पहिल्या अर्ध्या भागाला माझा काही विरोध नाही. बंदी घाला असं मी म्हणत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाला मात्र इतिहासाचा आधार नाही. इन्सुलिन पहिल्यांदा जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका मुलाला टोचलं. शोध लावणाऱ्यांनी पेटंट नाममात्र एका डॉलरला विद्यापीठाला दिलं, ते सगळ्यांना मिळावं म्हणून. शंभर वर्षं उलटली, तरी आपल्या खेड्यांत इन्सुलिन, ते ठेवायचा फ्रिज आणि रोज साखर तपासायच्या पट्ट्या या तिन्ही गोष्टी एका घरात असतील अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. वैद्यकीय वस्तूंचा भाव आपोआप झिरपत नाही, तो कुणीतरी खाली ओढावा लागतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध-किंमत प्राधिकरणाने हृदयातल्या स्टेंटला कमाल भाव ठरवला, तेव्हा औषध लावलेला स्टेंट एका रात्रीत ३० हजारांच्या आत आला, तोवर तो लाखाच्या घरात विकला जात होता. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात ग्लुकोमीटरसह पाच उपकरणांच्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ पासून प्रत्येक टाइप वन रुग्णाला असा सेन्सर देऊ करावा अशी अधिकृत शिफारस आहे, कारण तिथे सरकार घाऊक खरेदीदार आहे. बाजार टेकडीवरच्या हौशी गिऱ्हाइकाभोवती वाढला तर कंपनी सुंदर ॲप आणि आहारतज्ज्ञाचं पॅकेज काढेल, स्वस्त चकती कशाला काढेल?

‘देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे आहेत, मग प्रत्येकाने तपासायला नको का?’ असंही विचारलं जातं. आकडे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीचे आणि खरे आहेत. तपासायलाच हवं. पण त्यासाठी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्तचाचणी) आहे, काही शे रुपयांत, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये. (रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी फसवतं, म्हणून दोन्ही करावं.) सेन्सरच्या आलेखावरून मधुमेहाचं निदान करायचे सर्वमान्य निकषच अजून ठरलेले नाहीत.

मग तो कुणाला हवा? दिवसातून चार-चार सुया टोचून घेणाऱ्या टाइप वनच्या मुलाला. त्याची आई रात्री दोनला गजर लावून उठते, झोपलेल्या पोराचं बोट टोचते आणि साखर उतरली असेल तर अर्धवट झोपेत त्याला साखरपाणी पाजते. सेन्सरचा गजर तिची झोप परत देऊ शकतो. टाइप वन असलेल्या गरोदर बाईला: २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या चाचणीत सेन्सर वापरणाऱ्या अशा मातांची बाळं अतिवजनाची होण्याचं प्रमाण कमी आढळलं, आणि ज्या शहराने गर्भातल्या साखरेचा एवढा अभ्यास केला त्याला हे वेगळं सांगायला नको. इन्सुलिनवर असलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना. पुण्यात अशी घरं किती, ज्यांची मुलं परदेशात आहेत, ते सगळ्यांना माहीत आहे. वर्षभर वापरायचा तर सेन्सरचा खर्च सव्वा लाखाच्या पुढे जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुळात रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेली आहे; रोज घरी जगायच्या आजाराला तिथे जागा अपुरी. केरळने ‘मिठायी’ योजनेतून टाइप वनच्या मुलांना मोफत इन्सुलिन द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने निदान पट्ट्या आणि इन्सुलिन तरी पुरतं द्यावं, आणि ज्यांची साखर रात्री वारंवार उतरते त्यांच्यापासून सेन्सरची सुरुवात करावी, ही मागणी सोसायटीच्या ग्रुपवर कधी वाचलीत?

यात पैसे न लागणाऱ्या गोष्टीही आहेत. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ बरोबर न्यायची मुभा दिली. तेव्हा सेन्सरचा विचार फारसा नव्हता. आता सेन्सरचा गजर मोबाइलवर वाजतो, आणि मोबाइल परीक्षेच्या दालनात चालत नाही, पुष्कळ शाळांत तर वर्गातही नाही. ज्या मोजक्या मुलांच्या आईबापांनी पदरमोड करून चकती लावली आहे, त्यांचा फोन पर्यवेक्षकाच्या टेबलावर ठेवायचा की मुख्याध्यापकांच्या खोलीत, आणि तो वाजला तर पेपर सोडून कुणी धावायचं, हे शिक्षण विभागाने पुढच्या परीक्षांच्या आत एका पानी परिपत्रकात लिहून द्यायला काय हरकत आहे?